मदत हवी आहे: फीनिक्सच्या उन्हाळ्यात घरची बिअर आंबताना थंड कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

मी अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये राहतो. दीड वर्षापासून घरी बिअर बनवतोय, दर खेपेला ५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर. (घरापुरती बनवायला इथे परवाना लागत नाही.) हिवाळ्यात काहीच अडचण आली नाही. मे-जूनमध्ये आपल्या माठाची युक्ती कामी आली: आंबणाऱ्या बिअरची बादली पाण्याच्या टबात ठेवायची, तिला जुना पंचा गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडायचं आणि समोर टेबलफॅन लावायचा. जूनच्या दुपारी इथे आर्द्रता जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास असते. घरात एसी २६ वर असायचा, तरी बादलीवर चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी २० दाखवायची.

जुलैत सगळं बिघडलं. इथल्या दमट वाऱ्यांनाही लोक मॉन्सूनच म्हणतात. पाऊस फारसा पडत नाही, पण पंचा वाळेनासा होतो, आणि पंचा वाळला नाही की गारवाही येत नाही. गेल्या खेपेला दुसऱ्या दिवशीही पट्टी २७ वरच होती. बाटल्या उघडल्या तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशात जळजळ. सगळी सिंकमध्ये ओतावी लागली, फार जिवाला लागलं.

मला वाटतं, खरी चूक त्याच्याही आधी झाली. उकळलेला माल्टचा रस मी तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडून थंड करतो. पण सध्या नळालाच ३२ अंशांचं पाणी येतं, तर रस त्याखाली उतरणार कसा? कंटाळून तशाच कोमट रसात यीस्ट घातलं. शिवाय आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता सोडतं ती वेगळीच. असले वास बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होतात, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत मी गाफील राहिलो.

आता टबात बर्फाच्या बाटल्या टाकून पाहतोय. एक लिटर बर्फ वितळला की बादली आणि टब मिळून ४० लिटरचं तापमान दोनेक अंशांनी उतरतं, हिशेब बरोबर येतो. पण ऑफिसातून यायला उशीर झाला की पारा पुन्हा वर. सध्या साधंच पाणी भरून चाचणी चालू आहे, यीस्ट घालायचा धीर होत नाही.

दोन वाटा दिसतात. एक, जुना फ्रीज घेऊन त्याला तापमान नियंत्रक जोडायचा. जागा फक्त गॅरेजमध्ये आहे आणि तिथे दुपारी ४५ अंश असतात. एवढ्या उष्णतेत कॉम्प्रेसर टिकतो का? आणि नियंत्रकाचा सेन्सर बादलीला चिकटवून वर फोम लावायचा, की फ्रीजमधल्या हवेत सोडायचा?

दुसरी, नॉर्वेचं क्वाइक यीस्ट. त्यातला व्हॉस नावाचा प्रकार ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ आंबतं म्हणतात. पण त्याला संत्र्यासारखी चव येते असंही वाचलंय. मला हलकी, साधी ब्लॉन्ड एल (फिकट सोनेरी बिअर) हवी आहे, तिच्यात ती चव खुपेल का?

सप्टेंबरअखेर पुण्याहून भाऊ येतोय, त्याला माझ्या हातची पाजायची आहे. आंबायला दोन आठवडे आणि बाटलीत मुरायला तीन धरले, तर ऑगस्टच्या मध्याला सुरुवात करायलाच हवी. नागपूर-अकोल्यासारख्या कोरड्या उन्हात वाढलेल्यांनी किंवा टेक्सास, दुबईकडे राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात हे जमवलं असेल, तर नेमकं काय केलं ते कृपया सविस्तर लिहा. रस ३२ वरून २० वर आणायला तुम्ही काय करता, एवढं आधी सांगितलंत तरी चालेल.