अडतं ते कुलपापाशी, लिनक्सपाशी नव्हे

‘लिनक्सवर गेम खेळायचे दिवस अजून यायचेत’ हे तुमचं म्हणणं पटलं नाही. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम.) 2018 मध्ये ‘स्टीम’ हे ऑनलाइन गेम-दुकान चालवणाऱ्या वॉल्व्हने प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर आणलं आणि चित्र पालटलं. विंडोजचा गेम चित्रं काढण्यासाठी डायरेक्टएक्स या विंडोजच्या यंत्रणेकडे जे मागतो, ते प्रोटॉन लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत करून देतं. 2022 चा स्टीम डेक, म्हणजे वॉल्व्हचा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर, तर मुळात लिनक्सच.

अडतं ते कॉपी प्रोटेक्शनपाशी, म्हणजे गेमची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपापाशी. प्रोटॉनची आवृत्ती बदलली की डेनुवो नावाच्या अशा कुलपाला ते नवंच मशीन वाटतं. थोड्या वेळात असं बऱ्याचदा झालं, तर पैसे मोजलेला गेम काही काळ बंद!

आमच्या गोव्यातल्या वाळपईत पावसाळ्यात वीज आणि नेट जोडीनेच जातात. गेल्या आषाढात लॅपटॉप इन्व्हर्टरवर, कौलांवर पाऊस कोसळतोय, धाकटा भाऊ कंट्रोलर घेऊन बसलेला, आणि पडद्यावर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. एकट्याने खेळायचा गेम, तोही विकत घेतलेला. कंपनीचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

सेफडिस्क या जुन्या सीडीवरच्या गेमांच्या कुलपाचंही तसंच झालं. विंडोज 10 ने त्याचा ड्रायव्हर सुरक्षेपायी वगळला, ते योग्यच. पण अस्सल सीड्या मुक्या झाल्या.

मी आता जमेल तेव्हा जीओजी या बिनकुलपाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतो. इन्स्टॉलर हार्डडिस्कवर उतरवून ठेवायचा, वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचा, नेट असो वा नसो.

तुमचा गेम अँटी-चीटमुळे, म्हणजे ऑनलाइन खेळात फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अडला असेल, तर मात्र आपल्या हातात काही नाही. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट ही अशी दोन सॉफ्टवेअरं 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेमच्या निर्मात्यांनी ते सुरू करायला हवं. त्यांना लिहा, मीही लिहितो.