सोलापुरातून मूल दत्तक घ्यायचंय, संस्था खरी की खोटी कसं ओळखायचं?

अशोकचौक_सोलापूर:
नमस्कार. यांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टॉवेल विणतो. लग्नाला नऊ वर्षं झाली. पुण्याला दोनदा आयव्हीएफ केलं, टिकलं नाही. आता दत्तक घ्यायचं नक्की केलंय, सासूबाईंचाही मनापासून होकार आहे.

परवा ओळखीतून एक बाई घरी आल्या. म्हणाल्या, "एका मुलीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, तिला ठेवायचं नाही. तीन लाख द्या. दवाखान्यात आई म्हणून तुमचंच नाव लावू, जन्मदाखलाही तुमच्याच नावाचा." संस्थेचं कार्ड दिलं, त्यावर रजिस्टर नंबर आहे. रात्रभर झोप नाही. हे असंच असतं का?

होटगीरोडची_आई:
ताई, त्यांना आजच नाही म्हणा. हा मुलाचा सौदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात विकणारा आणि घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रजिस्टर नंबरावर जाऊ नका, तो कुठल्याही मंडळाला मिळतो. दत्तक द्यायला सरकारची वेगळी मान्यता लागते. मान्यता असलेल्या संस्थांची यादी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या, वेबसाइटवर आहे. तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, आम्हीही विचारलं होतं.

नोंदणी 'कारा'च्या पोर्टलवरच करायची. घरी चौकशीला येणारी संस्था एक आणि बाळ ज्या संस्थेतून येतं ती दुसरी, असंही होतं. आमची लेक दुसऱ्या जिल्ह्यातून आली. तीन वर्षं वाट पाहिली. लवकर मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

त्याआधी एका ठिकाणी आमच्याकडे रोख देणगी मागितली होती. यांनी पावती मागितली तर समोरच्यांचा सूरच बदलला. तिथून उठलो. नियमात ठरलेली फी असते, तिची पावती मिळते आणि दत्तक घेणाऱ्यांकडून देणगी घेताच येत नाही.

चांगली संस्था मात्र तुम्हालाच पारखते. आमच्याकडे आलेल्या बाई आधी गच्चीवर गेल्या. कठडा गुडघ्याएवढा होता. "हा आधी वाढवा," म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ पाटावर बसून विचारलं, "ती मोठी झाली की तिला कोण सांगणार, आणि कधी?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, हे विचारलं नसतं तर आम्ही त्यावर कधी बोललोच नसतो.

बाळासाठी फोन आला तेव्हा गड्ड्याची यात्रा चालू होती. होकार कळवायला 48 तास असतात. फोटो आणि वैद्यकीय अहवाल आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला. आणायला गेलो तर तिथल्या मावशींनी बाटली, दुपटं दिलं आणि म्हणाल्या, "झोपताना हिचा डावा कान कुरवाळायला लागतो." अजूनही लागतो.

फाइलमध्ये बालकल्याण समितीचं पत्र होतं, मूल दत्तक द्यायला कायद्याने मोकळं आहे असं. ते पत्र जरूर बघा. बाळ समितीकडे सोपवणाऱ्या आईला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. तीन लाख मागणारी बाई त्या मुलीचे तेच दिवस हिरावून घेतेय. ती मुलगी खरंच असेल तर तिलाही मदत हवी, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.

पंढरपूर_सर:
ताईंशी सहमत. पंढरपुरात प्रार्थना समाजाने 1875 मध्ये बालकाश्रम काढला, म्हणजे आपल्या जिल्ह्याला हे काम नवीन नाही.

दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या आत असेल तरच दोन वर्षांखालचं बाळ मिळतं, म्हणून नोंदणी लांबवू नका. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. जन्मदाखला त्यानंतर रीतसर तुमच्या नावाने निघतो. बाळ घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्थेचे लोक भेट देतात. ती बारकाईने होत असेल तर त्रास मानू नका.

अशोकचौक_सोलापूर:
दोघांचेही आभार. बेरीज 76 होते. बाईंना 'नाही' म्हणून कळवलं, आता त्यांचा फोन बंद आहे. 1098 वर सगळं सांगितलं, कार्डही जपून ठेवलंय. ती मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. मी तिचा विचारच केला नव्हता, फक्त बाळाचा केला.

आज पोर्टलवर फॉर्म उघडला. विवाह नोंदणीचा दाखला सापडत नाहीये. महापालिकेतून दुसरी प्रत मिळायला किती दिवस लागतात?