आईची बाजू कुठे जाते?

किशोरवयीन मुलींच्या कथांत आई कायम खलनायिकाच ठरते, अशी तक्रार असते; ती मला पटते. पण दोष लेखकाच्या मनापेक्षा निवेदनाचा वाटतो. पंधरा वर्षांची मुलगी 'मी' म्हणून बोलायला लागली की आईचं फक्त ओरडणं ऐकू येतं, त्यामागची धास्ती नाही.

कॅरिबियन-अमेरिकन लेखिका जमैका किंकेडची 'गर्ल' (१९७८) ही कथा घ्या. अख्खी कथा म्हणजे एकच लांबलचक वाक्य, आईच्या सूचनांचं. कपडे कसे धुवायचे, चालायचं कसं. मुलगी मध्ये दोनदाच बोलते. दुसऱ्यांदा विचारते, पाववाल्याने पावाला हात लावू दिला नाही तर? त्यावर आईचा जो भडका उडतो, त्यात राग जास्त की भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चोरून डायरी वाचणाऱ्या आईचा प्रसंग मात्र आता पुरे! (मीही एकदा लिहिलाय, कबूल.) त्यापेक्षा घड्या केलेल्या कपड्यांचा गठ्ठा हातात धरून, कोपराने दार ठोठावणारी आई दाखवा. आत मुलगी एका कानातला इअरफोन काढते, पावलं परत जाईपर्यंत थांबते आणि पुन्हा घालते.