ब्रेक मारला की क्षितिज उडतं, कॉकपिट कॅमेरा कसा लावू?

ऐरोलीकर: असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा गेम, कॉकपिट व्ह्यू (ड्रायव्हरच्या नजरेतून), रस्त्यावरच्या मऊ स्प्रिंगच्या गाड्या. २७ इंची एकच मॉनिटर, डोळ्यांपासून ६० सेंमी. एफओव्ही (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) ५५ अंशांवरून ३१ केल्यापासून जोरात ब्रेक मारला की क्षितिज टुणकन वर जातं, मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनआधीच्या (लागोपाठच्या उलटसुलट वळणांआधीच्या) अंतराच्या पाट्या नजरेतून सुटतात आणि मळमळतं. एफओव्ही परत वाढवू की स्प्रिंग कडक करू? बंपर कॅमेरा (गाडीच्या नाकावरून दिसणारा) नकोय.

माजिवडा_अपेक्स: एफओव्हीला हात लावू नका, ३१ बरोबरच आहे. स्क्रीनची उंची ३३.६ सेंमी. तिचं अर्ध १६.८, भागिले ६०, म्हणजे ०.२८, त्याचा व्यस्त टॅन १५.६ अंश, दुप्पट ३१. या गेममध्ये उभा कोन भरतात, तो हाच.

क्षितिजाची उडी वाढलेली दिसते त्याचं कारण असं. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, व्हीलबेस अडीच मीटर. १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) ब्रेकिंगला साधारण २४० किलो भार पुढच्या चाकांवर येतो. प्रत्येक चाकाशी ३० न्यूटन प्रति मिमी ताठरपणा धरला, तर नाक ३९ मिमी खाली आणि शेपूट तेवढीच वर. झाला १.८ अंश पिच, म्हणजे गाडीचा पुढे झुकण्याचा कोन (सस्पेन्शनमध्ये नाक बुडणं रोखणारी अँटी-डाइव्ह रचना असेल तर कमी). १०८० पिक्सेल उंचीच्या स्क्रीनवर एफओव्ही ५५ ला हे जेमतेम ३३ पिक्सेल होते, ३१ ला ६०. म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर!

नेरुळ_जीटी: पाम बीच रोडला सिग्नलवर करकचून ब्रेक लावला तरी समोरचा रस्ता उडी मारत नाही, कारण आतल्या कानाच्या इशाऱ्यावर डोळे उलट फिरून नजर स्थिर ठेवतात. खुर्ची हलत नसेल तर कानाला काहीच कळत नाही, मग ते काम कॅमेऱ्याकडून करून घ्या.

कंटेंट मॅनेजरमध्ये (असेटो कोर्साचा पर्यायी लाँचर) कस्टम शेडर्स पॅच हा मॉड टाका, त्यातलं डोक्याची हालचाल ठरवणारं नेक एफएक्स चालू करा आणि कॅमेरा क्षितिजाशी बांधा, म्हणजे लॉक करा. सुरुवातीला पूर्ण. जी-फोर्सने डोकं हलवणारे स्लायडर आणि शेक शून्यावर. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममध्ये ‘लॉक टू होरायझन’ आणि आरफॅक्टर २ या गेममध्ये ‘स्टॅबिलाइज होरायझन’ हेच काम करतात.

तपासायला मॉनिटरच्या कडेला क्षितिजाच्या उंचीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. सरळ रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारा. क्षितिज पट्टीपाशी राहून डॅशबोर्ड खाली बुडाला की जमलं. पिच किती झाला ते आता डॅशबोर्ड सांगेल. तो फारच नाचतोय असं वाटलं तर लॉक थोडं थोडं उतरवा, पण एका वेळी एकच स्लायडर हलवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

घणसोली_ट्रॅक: पुढचे स्प्रिंग दोन-तीन क्लिक कडक केले तरी डाइव्ह (नाक बुडणं) कमी होतोच की.

माजिवडा_अपेक्स: होतो, पण भार तेवढाच सरकतो. तो वस्तुमान, ब्रेकिंग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरतो, स्प्रिंगवर नाही. पुढून कडक केलं की कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) टायर उडतात आणि वळणात अंडरस्टिअर (गाडी कमी वळून बाहेर सरकणं) वाढतो. कॅमेऱ्याच्या दुखण्यासाठी सेटअप बिघडवू नये. आधी लॉक लावा, मग गाडीला खरंच गरज असेल तर स्प्रिंगला हात घाला.

ऐरोलीकर: लॉक पूर्ण, जी-फोर्स शून्य. पाट्या आता जागच्या जागी दिसतायत. पण कर्बवर डॅशबोर्ड थरथरतो, तो कशाने?

नेरुळ_जीटी: तो चाकांखालचा खरा धक्का आहे, राहू द्या. चाक कर्बवर किती चढलंय ते त्यातूनच कळतं.