मदत हवी आहे: गावाला लागून सिमेंटचा कारखाना, जनसुनावणी तोंडावर

खारभूमी
आमच्या गावाला लागून सिमेंटचा मोठा कारखाना येतोय. सुनावणीची जाहिरात पेपरात आली म्हणे, गावात कोणालाच पत्ता नाही. गावकीने बैठक घेऊन विरोधाचा ठराव केलाय. तो कोणाकडे द्यायचा आणि त्याने काम थांबतं का? जाणकारांनी लवकर सांगा. "कोर्टात जा" एवढंच लिहू नका, ते आम्हालाही कळतं.

सातबारा
भाऊ, एमआयडीसीची ३२(२) ची, म्हणजे जमीन घेण्याआधीची नोटीस आली असेल तर मुदतीत हरकत टाका. ३२(१) निघालं की जमीन शासनाची. वाटाघाटीत भाव ठरवताना कोणी एकट्याने सही करू नका. आमच्याकडे पहिल्या सह्या केल्या तेच आज रडतायत.

खारभूमी
जमीन कोणाचीच जात नाही. बंद कंपनीची जुनी जागा आहे. प्रश्न धुळीचा आहे.

सातबारा
मग आधी लिहायचं ना. तरी सगळ्यांचे उतारे काढून ठेवा.

फाइलवाला
गाव कुठलं? ग्रामपंचायत की महापालिका? चुनखडी भाजायची भट्टी आहे की नुसतं ग्राइंडिंग? जाहिरात कधी आली, सुनावणी कधी?

खारभूमी
ठाण्याच्या दिव्याच्या बाजूला. ग्राइंडिंग लिहिलंय. एवढं सगळं कशाला लागतं?

बॅगफिल्टर
कारण सगळं त्यावरच आहे. ग्राइंडिंगमध्ये भट्टी नसते. क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेले सिमेंटचे खडे, बाहेरून तयार येतं, त्यात जिप्सम आणि औष्णिक केंद्राची राख घालून दळतात. मी अशा ठिकाणी नोकरी केली आहे. फिल्टर नीट चालवले तर काही होत नाही. उगाच बाऊ करू नका, पोरांना कामं मिळतील.

गवळीदेव
"नीट चालवले तर"! रात्री कोण बघायला जातं? आणि धूळ काय फक्त चिमणीतून येते? क्लिंकर उतरवताना, राखेचे बल्कर (टाकीवाले ट्रक) रिकामे करताना उडते ती कोणाच्या छपरावर बसते? शिळफाट्याची कोंडी आधीच कमी आहे का, त्यात हे ट्रक.

आगरी बाणा
बहिष्कार टाका. सुनावणीचा मांडवच उभा राहू देऊ नका. १९८४ ला उरणच्या जासई-दास्तानला सिडकोविरुद्ध पाच जण हुतात्मे झाले तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले. कागदाने काही होत नसतं.

फाइलवाला
दादा, हुतात्म्यांबद्दल आदर आहेच, पण ती लढाई जमिनीच्या मोबदल्याची होती. इथे बहिष्कार म्हणजे कंपनीला आयतं ताट. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अटच नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. आणि मांडव मोडलात तर त्याहून वाईट. लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी परिस्थिती नाही असा अहवाल गेला, तर सुनावणी वगळायची मुभा त्याच अधिसूचनेत आहे. तुमचं म्हणणं नोंदलंच जाणार नाही.

खारभूमी, गाव ठाणे महापालिकेत असेल तर ग्रामसभा नाही, त्यामुळे गावकीच्या ठरावाला कायद्याने वजन नाही. तरी जोडा. पण खरा जोर घरागणिक स्वतःच्या नावाने दिलेल्या लेखी हरकतींचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय निघू नका. कारखान्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका आणि जिल्हा उद्योग केंद्रात वाचायला ठेवावा लागतो, सारांश मराठीत. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस नसतील तर तीच पहिली हरकत.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी लागतो. शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचा असतो. तो होईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. घोषणा त्यात येत नाहीत, मुद्दे येतात.

नवा_फ्लॅट
दिव्यात वन बीएचके बघतोय. या कारखान्यामुळे दर उतरतील का? थांबू का?

गवळीदेव
आधी दिव्याच्या लोकलमध्ये चढून दाखव, मग फ्लॅट घे.

तिसरी_मुंबई
आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा पेसा कायदा लावा ना! ग्रामसभेचा नकार म्हणजे विषय संपला.

फाइलवाला
पेसा अनुसूचित क्षेत्रात चालतो. शहापूर तालुक्यात आहे, दिव्यात नाही.

आगरी बाणा
२००८ ला रायगडच्या २२ गावांनी मतदान करून सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) उलथवला तो कोणत्या कागदाने?

फाइलवाला
तेही सरकारने घेतलेलं जनमतच होतं, दादा. लोक रांगेत उभे राहिले म्हणून मोजता आलं. बहिष्कार टाकला असता तर?

आगरी बाणा
बरं. पण मोर्चा निघणार.

फाइलवाला
काढा की. आत बोलणारी माणसं वेगळी ठेवा.

खारभूमी
मराठी सारांश मिळाला. दिवसाला किती ट्रक येणार ते कुठेच नाही. शाळा भिंतीला लागून आहे, तिचा उल्लेखच नाही. हवेचे नमुने कुठे घेतले तेही कळत नाही.

बॅगफिल्टर
नमुने कुठल्या महिन्यात घेतले तेही बघा. पावसाळा सोडून घ्यायचे असतात. पीएम १०, म्हणजे हवेतली बारीक धूळ, तिची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हवा आत्ताच तिच्या आसपास असेल तर नव्या धुळीला जागा कुठे, एवढंच विचारा. मी कारखान्याच्या बाजूचा असलो तरी सांगतो, या प्रश्नाला कंपनीचा सल्लागार दरवेळी अडखळतो.

गवळीदेव
आता कसं बोललात!

खारभूमी
आणि मंजुरी मिळालीच तर?

फाइलवाला
हरित लवाद, पुणे. मंजुरीपासून ३० दिवसांत अपील, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होतो. पण ते नंतर. शाळा कारखान्याच्या हद्दीपासून किती मीटरवर आहे ते मोजून, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी घ्या. आणि सारांशातलं आजूबाजूच्या वस्तीचं पान इथे टाका, बघतो.