हवेचा सेकंडहँड हॉट टब घ्यावा का? गच्चीवर ठेवायचा विचार आहे

टपटप
नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या कंबरेसाठीही, घरी हॉट टब (गरम पाण्याच्या बुडबुड्यांत बसायची मोठी टाकी) असावा असं बरेच दिवस डोक्यात आहे. नवा घेण्याइतकी हौस नाही. ओळखीतल्या एकांकडे हवा भरून उभा करायचा, चार जणांचा टब आहे. दोन हिवाळे वापरला आणि मग घडी घालून माळ्यावर टाकला. पंप-हीटरचा डबा, झाकण, सगळं जागेवर आहे म्हणतात. फोटोत तर झकास दिसतोय.

बघायला गेल्यावर काय तपासू? दुमजली घर आहे, गच्ची आमचीच, तिथे ठेवला तर चालेल ना? आणि पाण्याचं, विजेचं गणित कसं असतं?

"बादलीत पाय सोडून बस" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो कृपया परत नको.

उंटावरचा_शहाणा
आधी गच्चीचं बोलू, कारण तिथे गडबड झाली तर बाकीचे प्रश्न उरतच नाहीत.

चार जणांच्या टबात साधारण ८०० लिटर पाणी मावतं. म्हणजे ८०० किलो. त्यात चार माणसं बसली की वजन १,१०० किलोच्या आसपास गेलं. टबाचा बाहेरचा व्यास १.८ मीटर धरला तर बूड अडीच चौरस मीटरचं. भागाकार करा, चौरस मीटरला सव्वाचारशे किलोच्या वर जातं. राहत्या घराचे मजले साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून बांधलेले असतात, गच्ची तर बऱ्याचदा त्याहून कमी.

"आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहेच की" असं कोणीतरी म्हणेलच. टाकी बहुतेक वेळा खांबांवर किंवा तुळयांवर, हिशोब करून बसवलेली असते. टब तुम्ही स्लॅबच्या मधोमध ठेवणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय वर नेऊ नका. जमिनीवर, सपाट फरशीवर जागा असेल तर इंजिनिअरचीही गरज नाही.

टपटप
बापरे. मागच्या अंगणात फरसबंद जागा आहे, तिथे बघतो.

जुनाबाजार
जुन्या टबात तुम्ही पिशवी विकत घेत नसता, पंप-हीटर विकत घेत असता. पिशवीचं भोक ठिगळ लावून बुजतं. हीटर गेला आणि त्या मॉडेलचा सुटा भाग मिळत नसेल तर उरते ती पोहायची छोटी टाकी. म्हणून जाण्याआधीच डब्यावरच्या लेबलचा फोटो मागवा आणि त्या मॉडेलचे फिल्टर, वॉशर, हीटर आजही मिळतात का ते पाहा. मिळत नसतील तर फुकट दिला तरी घेऊ नका.

पिशवी: हवा पूर्ण भरून एक रात्र तशीच ठेवायला सांगा. थंडीत हवा आकसते, त्यामुळे सकाळी जरा मऊ लागली तर घाबरू नका. पण भिंत लोळली असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हभोवती फिरवा, मग शिवणींवर. आणखी एक गोष्ट नीट बघा: भिंतीला किंवा बुडाला कुठे टेंगूळ आलंय का? आत आडवे-उभे पट्टे असतात, ते भिंतीचा आकार धरून ठेवतात. पट्टा सुटला की तिथे फुगवटा येतो आणि तो वाढतच जातो. त्याला इलाज नाही. टेंगूळ दिसलं की नमस्कार करून परत या.

डबा: पंपाचे पाइप जिथे जोडतात तिथल्या तोंडात बॅटरी मारून बघा, बोट फिरवा. बुळबुळीत लागलं किंवा कुबट वास आला तर पाणी नीट न काढता गुंडाळला होता. पांढरा खडबडीत थर असेल तर पाणी जड होतं आणि हीटरच्या आतही तोच थर असणार.

आणि तो गरम होताना बघा. यावर तडजोड नको.

टपटप
ते म्हणतात, "चालू स्थितीत आहे, पण ८०० लिटर भरून दाखवायचं कसं?" पाण्याशिवाय नुसता डबा लावून बघता येईल का?

जुनाबाजार
नाही. पाणी फिरत नसेल तर डबा एरर दाखवून बंद पडतो, आणि तो पडायलाच हवा. त्यांना पूर्ण गरम करून दाखवा म्हणू नका. खुणेपर्यंत भरा, सुरुवातीचं तापमान लिहून ठेवा, झाकण लावा आणि तीन तासांनी परत बघा. तासाला दीड ते दोन अंश वाढत असेल तर हीटर ठणठणीत. पंपाचा आवाज ऐका. एकसुरी घरघर चालेल, किणकिण किंवा खरखर नको. पाणी फिरत नसल्याचा एरर आलाच तर फिल्टर काढून मिनिटभर चालवा. एरर गेला तर दोष फिल्टरचा, आणि फिल्टर तुम्ही नवाच घालणार आहात.

एवढंही करायची तयारी नसेल तर टब बंद आहे असं धरूनच भाव करा.

वायरमन
विजेचं गणित सोपं आहे. ८०० लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला साडेअठरा युनिट लागतात, वाटेत उडून जाणारी उष्णता वेगळी. दोन किलोवॅटचा हीटर असेल तर दहा-बारा तास धरा. संध्याकाळी बसायचं तर सकाळी लावा. त्यानंतरचा खर्च झाकणावर ठरतो, कारण बहुतेक उष्णता वरूनच जाते. झाकण फाटकं असेल तर ते आधी बदला. खाली फोमच्या चटया घाला.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात लाइन तोडणारा स्विच. प्लगवरच संरक्षक डबी असेल तर दर वेळी तिचं टेस्टचं बटण दाबून बघा. वायर कुठे सोलली असेल आणि त्यावर चिकटपट्टी असेल तर मी हातही लावणार नाही.

अशीच_एक
सगळे यंत्रावर बोलताहेत, मी पाण्यावर बोलते. कोमट पाणी, पाइपांतले कोपरे आणि माणसांचा घाम, जंतूंना आणखी काय हवं? न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जंतू २५ ते ४५ अंशांत वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून थेट फुफ्फुसात जातो. स्युडोमोनास या दुसऱ्या जंतूने अंगावर पुरळ येतं. जुन्या टबात जंतूंचा बुळबुळीत थर आधीपासून असू शकतो, म्हणून पहिलं पाणी अंघोळीचं नाहीच. फिल्टर काढा, पाइप साफ करायचं द्रावण घालून पंप चालवा, सगळं पाणी सोडून द्या. मग पुन्हा भरून क्लोरीनचा जोरदार डोस, पुन्हा पंप, पुन्हा रिकामं. नवा फिल्टर त्यानंतर.

रोजच्या वापरात मोकळं क्लोरीन (म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं) किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम (ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८), पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८. मोजपट्ट्या आणा, अंदाजाने ओतू नका. गरम पाण्यात क्लोरीन पटापट संपतं, त्यामुळे बसण्याआधी मोजायचंच. पावडर पाण्यात घालायची, पावडरवर पाणी कधीच नाही, आणि दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीनं एकत्र करायची नाहीत. अंगाला तेल लावून उतरायचं नाही, नाहीतर फेसाचे डोंगर होतात आणि फिल्टर चिकट. फिल्टर दोन-तीन दिवसांनी धुवा. रोज दोघं बसत असाल तर पाणी महिन्याभरात बदला. झाडांना घालायचं असेल तर क्लोरीन शून्यावर येऊ द्या.

आईंबद्दल: ४० अंशांच्या वर कोणासाठीच नाही, त्यांच्यासाठी ३७-३८ पुरे, आणि पंधरा मिनिटं. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

उंटावरचा_शहाणा
आणि त्या आत उतरणार कशा? भिंत दोन-सव्वादोन फूट उंच, वर हवेची, धरायला काहीच नाही. दुखऱ्या गुडघ्याने एक पाय त्यावरून टाकायचा म्हणजे दुसऱ्यावर सगळं वजन. बाहेर येताना तर अंग ओलं आणि गरम पाण्याने डोकंही हलकं झालेलं असतं. माझ्या मते हवेचा टब आईंसाठी घेऊच नका. कडक भिंतीचा, बसून आत सरकता येईल असा बघा.

टपटप
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "मी कुठे म्हटलं मला हवाय?" म्हणजे आता टब माझ्या कंबरेच्याच नावावर. अंगणात ठेवणार, वायरमन बोलावून लाइन ओढून घेणार. रविवारी बघायला जातोय, तीन तास थांबायची त्यांची तयारी आहे. लेबलचा फोटो आलाय, फिल्टर आणि वॉशर मिळतात, हीटरचं अजून शोधतोय.

जुनाबाजार
हीटरचं कळेपर्यंत आगाऊ पैसे देऊ नका.

अशीच_एक
आणि झाकणाला कुलूप लागतं का तेही रविवारी बघून या. घरात किंवा शेजारी लहान मुलं असतील तर बिनकुलपाचा टब नको.