चीनला कोरियाचं घोंगडं भिजतच हवंय का?

उंबरठा (धागाकर्ता)

काल जेवताना आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, जर्मनी एक झाला, मग कोरिया का नाही?" "चीन होऊ देत नाही," मी वरणभात कालवता कालवता बोलून गेलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, हे उत्तर आपण उचललं कुठून? चीनचा विरोध नक्की कशाला आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे मारामारीला सोपं. चीनचा विरोध एकीकरणाला नाही, चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या यालू नदीच्या काठी अमेरिकन फौज येण्याला आहे. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच ताटात कालवतो.

पुरावा जुना, कोरियन युद्धातला आहे आणि त्यात आपलाच माणूस आहे. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं. निरोप असा होता: दक्षिण कोरियाचं सैन्य दोन्ही कोरियांना विभागणाऱ्या ३८ व्या अक्षांशाच्या वर गेलं तर त्याचं आम्हाला काही नाही, पण अमेरिकन गेले तर आम्ही उतरू. दिल्लीमार्फत हा निरोप वॉशिंग्टनला पोचला. पण पणिक्कर म्हणजे चिन्यांच्या बाजूचा माणूस असा तिथे समज होता, कोणी मनावर घेतलं नाही. १९ ऑक्टोबरला चिनी फौज यालू ओलांडून आत.

पुढे ११ जुलै १९६१ ला चीन आणि उत्तर कोरियाचा मैत्री करार झाला. कुणी हल्ला केला तर मदतीला धावायचं, हे कलम सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच करारात कोरियाचं एकीकरण शांततेच्या आणि लोकशाहीच्या मार्गाने व्हावं असंही कलम आहे. २०१४ मध्ये शी जिनपिंग प्योंगयांगच्या आधी सोलला गेले, तेव्हाही 'शांततापूर्ण एकीकरणाला पाठिंबा' हीच भाषा होती.

जर्मनीच्या वेळी तोडगा निघालाच ना? १९९० च्या करारात ठरलं की पूर्व जर्मनीच्या भूभागावर परकी फौजा आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. कोरियासाठी असा कागद झाला तर चीन आडवा येणार नाही, असं मला वाटतं.

खडूस मास्तर

धागाकर्त्याने चाऊंचा निरोप सांगितला आणि आधीचं पान गाळलं. चीनने ईशान्य सीमेवर फौज गोळा करायला सुरुवात केली ती जुलै १९५० मध्ये. तेव्हा अमेरिकन सैन्य दक्षिणेकडे रेटलं जात होतं, दक्षिण कोरियाच्या इंचॉन बंदरात उतरायला अजून दोन महिने होते. ज्याला फक्त 'अमेरिकन वर येतील' एवढीच भीती आहे, तो ते खाली पळत असताना तयारीला लागत नाही.

आता तुमचा तोडगा धरून चालू. दक्षिणेत आज अमेरिकेचे सुमारे २८,५०० सैनिक आहेत. समजा ते सगळे विमानात बसून घरी गेले. उरतो काय? दक्षिणेचे पाच कोटी आणि उत्तरेचे अडीच कोटींहून जास्त, मिळून पावणेआठ कोटींच्या आसपास लोकांचा देश. दक्षिणेचे कारखाने, उत्तरेच्या खाणी, वर उत्तरेतले अणुशास्त्रज्ञ. आणि निवडणुका घेणारं सरकार थेट १,४०० किलोमीटर सीमेवर. पलीकडे जिलिन प्रांतात यानबियान नावाचा कोरियन स्वायत्त प्रदेश आहे, चीनमध्ये कोरियन वंशाचे १७ लाख लोक आहेत. बीजिंगला हे शेजारपण गोड वाटेल?

२००२ पासून चिनी अभ्यासकांनी सरकारी प्रकल्प काढून गोगुर्यो हे प्राचीन राज्य चीनच्या इतिहासात ओढायला सुरुवात केली. दोन्ही कोरिया त्याला आपलं पूर्वजांचं राज्य मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यावर हक्क सांगायची गरज कोणाला पडते? ज्याला उद्याच्या सीमेची काळजी आहे त्याला.

राहिलं १९६१ चं कलम. त्या कलमासाठी साठ वर्षांत चीनने काय केलं, तेवढं एका वाक्यात सांगा. थांबतो.

रंकाळ्यावरचा

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही राव. १९५३ ला युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख आमच्या कोल्हापूरचे थोरातसाहेब, एस. पी. पी. थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीयांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू द्यायचा नाही असा हट्ट धरला, म्हणून आपली पोरं इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. छावणीचं नाव हिंद नगर!

आता मुद्द्यावर येतो. त्या कैद्यांत १४ हजारांवर चिनी होते आणि त्यातले बहुतेक चीनला न जाता तैवानला गेले. शिवाय युद्ध पेटल्याबरोबर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपलं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत उभं केलं, ते २७ जून १९५० ला. म्हणजे कोरियापायी चीनच्या हातून तैवान सुटलं. तेव्हापासून या दोन गाठी एकाच दोरीच्या आहेत. 'कोरियाने एक होऊ नये' असं बीजिंग उघड म्हणूच शकत नाही, कारण दुसऱ्या क्षणाला जग विचारणार, मग तुम्ही तैवानचं काय बोलता? म्हणून तोंडाने एकीकरण.

खडूस मास्तर

रंकाळ्यावरचा, अवांतर म्हणत म्हणत धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तुम्हीच टाकलात.

बाजारभाव

मास्तरांचा सगळा हिशेब १९५० च्या वहीतला आहे. आजचा भाव बघा. उत्तर कोरियाचा ९० टक्क्यांहून जास्त परदेशी व्यापार चीनशी, कच्चं तेल सीमेवरच्या दानदोंग या चिनी गावाहून नळाने जातं. आणि बदल्यात चीनला मिळतं काय? अणुचाचण्या. पहारेकरी म्हणून ठेवलेला माणूस रोज रात्री फटाके फोडतो आणि त्या आवाजाने पोलीस आपल्याच दारात येतात, असली चाकरी. उत्तरेची क्षेपणास्त्रं दाखवूनच अमेरिकेने २०१६ ला थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा दक्षिणेत आणायचं ठरवलं आणि तिच्या रडारची चिंता चीनला लागली. ज्याने अमेरिकेला लांब ठेवायचं, तोच तिला बोलावणं धाडतो.

हे मी एकटा म्हणत नाही. शेन झिहुआ हे चीनमधले कोरियन युद्धाचे नावाजलेले इतिहासकार, त्यांनी २०१७ मध्ये दालियनच्या व्याख्यानात जाहीर सांगितलं की उत्तर कोरिया हा चीनचा छुपा शत्रू आणि दक्षिण मित्र होऊ शकतो. एक कोरिया झाला तर सगळ्यात खूश जिलिन प्रांत होईल. नकाशा काढून बघा, तुमेन नदीच्या कडेने तो समुद्रापासून जेमतेम १५ किलोमीटरवर अडकलाय. पुढची पट्टी रशिया आणि उत्तर कोरियाची.

खडूस मास्तर

बाजारभाव, जिलिनला समुद्र हवा हे खरं. पण निर्णय जिलिन घेत नाही.

आणि चिनी विचारवंतांची नावं घेताय तर आणखी एक घ्या. देंग युवेन. पक्षाच्या प्रशालेच्या नियतकालिकाचे उपसंपादक. २०१३ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रात त्यांनी लिहिलं की चीनने उत्तर कोरियाला सोडून द्यावं आणि एकीकरणाला हात लावावा. त्यांना पदावरून निलंबित केलं. २०१० मध्ये विकीलीक्सने फोडलेल्या अमेरिकन वकिलातींच्या गुप्त तारांतही असंच होतं: चीनचे तरुण अधिकारी सोलच्या हाताखालचा एकत्र कोरिया मान्य करायला तयार आहेत म्हणे. पण हे सांगत कोण होतं? दक्षिण कोरियाचा मुत्सद्दी, अमेरिकन राजदूताला. नवऱ्यामुलाच्या मामाने सांगावं की मुलगी तयार आहे, तसला प्रकार.

एक गोष्ट कोणीच बोलत नाही. त्या युद्धात चीनचे अधिकृत आकड्यानुसार १ लाख ९७ हजारांहून जास्त लोक मेले. खुद्द माओंचा मुलगा आन्यिंग तिथे मेला आणि उत्तर कोरियातच पुरला आहे. हे बलिदान पक्ष अजून अभिमानाने मिरवतो. आता तोच पक्ष लोकांना सांगणार की सोलने प्योंगयांग गिळलं तरी चालेल?

सूवॉनकरीण

मी नऊ वर्षं दक्षिण कोरियात, सूवॉनला आहे. सगळ्यांचं वाचलं. बीजिंगला काय वाटतं यावर एवढं लिहिलंत, कोरियन माणसाला काय वाटतं याची एक ओळ नाही. असो.

दोन गोष्टी बघितलेल्या सांगते. इथल्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत बेकदू पर्वत येतो. तो उत्तर कोरिया आणि चीनच्या सीमेवर आहे. माझ्या ऑफिसातल्या एका बाई आयुष्यात एकदा तो बघायचा म्हणून गेल्या, तर आधी चीनला विमानाने, मग बस आणि तिकीट काढून चिनी बाजूने वर. तिथे त्याचं नाव चांगबाईशान. वरच्या तळ्याची १९६२ मध्ये उत्तर कोरिया आणि चीनने वाटणी केली, निम्म्याहून थोडं जास्त उत्तरेकडे आलं. बाई म्हणाल्या, "आपलं देऊळ शेजाऱ्याच्या अंगणातून बघून आले." २००७ च्या आशियाई हिवाळी स्पर्धा चीनमध्ये चांगचुनला झाल्या, तेव्हा दक्षिण कोरियाच्या स्केटिंगवाल्या मुलींनी पदक घेताना 'बेकदूसान आमचा' असे कागद उंच धरले होते. चीनने रीतसर तक्रार केली. मास्तरांची सीमेची शंका मला त्यामुळे पुस्तकी वाटत नाही.

दुसरी थाडची. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत सोलच्या म्योंगदोंग बाजारात चिनी पर्यटकांमुळे चालायला जागा नसायची. मार्चमध्ये चीनने सहलींच्या टोळ्या बंद केल्या आणि दुकानदार दारात उभे राहून माशा मारायला लागले. थाडला जागा दिली म्हणून लोत्ते या कोरियन कंपनीची चीनमधली दुकानं बंद पाडली. त्याच्या दोनच वर्षं आधी, ३ सप्टेंबर २०१५ ला, राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे अमेरिकेची नाराजी पत्करून बीजिंगच्या संचलनाला उभ्या राहिल्या होत्या. उत्तरेला चीन आवरेल ही आशा. जानेवारी २०१६ ला उत्तरेने अणुचाचणी केली. इथल्या लोकांनी तेव्हाच धडा घेतला.

आणि मूळ प्रश्नच आता बदललाय. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस किम जोंग-उनने सांगितलं की दक्षिणेशी आता एकीकरण वगैरे काही नाही, ते शत्रुराष्ट्र. प्योंगयांगची एकीकरणाची कमान पाडली. १५ ऑक्टोबर २०२४ ला सीमेवरचे रस्ते सुरुंग लावून उडवले. आजोबांचं स्वप्न नातवाने मोडीत काढलं आणि चीनने काय केलं? निषेधाचा एक शब्द नाही. उलट ३ सप्टेंबर २०२५ ला त्याच बीजिंगच्या संचलनात किम शींच्या शेजारी.

उंबरठा (धागाकर्ता)

ताई, कमानीचा मुद्दा मान्य. चीनला एकीकरणाची कळकळ असती तर निदान नापसंतीचा एखादा कोरडा शब्द आला असता. कळकळ नाही, एवढं कबूल.

पण मास्तर, कळकळ नसणं आणि आडवं येणं यात फरक आहे. जर्मनीच्या वेळी थॅचरबाईही खवळल्या होत्या, मितराँही अस्वस्थ होते. तरी झालं, कारण जर्मन लोक रस्त्यावर आले. शेजाऱ्याची इच्छा सगळ्यांत मोठी ठरली नाही.

खडूस मास्तर

थॅचरबाई नव्हे, तुलना गोर्बाचेव्हची करा. फौज त्याची बसली होती पूर्व जर्मनीत. त्याचा खजिना रिकामा होता, आणि पश्चिम जर्मनीच्या बॉन सरकारनं फौज परत नेण्याच्या खर्चापोटी मार्क मोजले. बीजिंगचा खजिना रिकामा नाही. उलट सोलचाच सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार चीन. विकत कोणी कोणाला घ्यायचं?

आणि आडवं यायला रणगाडे लागत नाहीत. उत्तरेतून पळून आलेल्या माणसाला चीन निर्वासित मानत नाही, घुसखोर म्हणून परत पाठवतो. १९८९ मध्ये हंगेरीने सीमेचं दार उघडलं म्हणून पूर्व जर्मनी आतून रिकामा व्हायला लागला, हे तुमच्या चिरंजीवांना सांगा. कोरियाचा हंगेरी म्हणजे चीन, आणि दार त्याने आतून कडी लावून ठेवलंय.

रंकाळ्यावरचा

हंगेरीचा मुद्दा जबरा. +१

बाजारभाव

हंगेरी मान्य, पण कडी दोन्ही बाजूंनी आहे हो मास्तर. दानदोंगला यालूवर अर्धवट तुटलेला पूल आहे, अमेरिकन बॉम्बने १९५० मध्ये तुटलेला, तो सगळे बघायला जातात. त्याच गावाच्या दक्षिणेला चीनने स्वतःच्या पैशाने नवा चकचकीत पूल बांधला. मुख्य काम २०१४ च्या सुमाराला झालं. कित्येक वर्षं त्याचं उत्तर कोरियाकडचं टोक सरळ शेतात उतरत होतं. पुढचा रस्ताच नव्हता. तो चीनने अडवला नव्हता, प्योंगयांगने बांधला नव्हता. ज्याला चीनचा पुलावरचा ट्रकसुद्धा नको, त्याचं एकीकरण चीनच्या मुठीत आहे असं तुम्ही म्हणताय.

सूवॉनकरीण

त्या पुलाबद्दल इथे एक विनोद ऐकलाय. इंजिनिअरला विचारलं, पूल कधी सुरू होणार? तो म्हणाला, माझ्या बाजूने तर झालाय.

खडूस मास्तर

शींचं उत्तर यापेक्षा वेगळं असेल असं वाटत नाही. माझ्याकडून एवढंच, उद्या सकाळी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे.